वितळला की विरघळला? उष्णतेला हळव्या स्कॅफोल्डच्या स्लाइडमागची पार्श्वभूमी

मिरज-सांगलीच्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळांत मेणाचा ब्लॉक ही रोजची गोष्ट. ऊतक मेणात बसवून कापण्याची पद्धत युरोपात १८६९ची, फॉर्मॅलिन त्यात १८९३नंतर आलं. आजही क्रम साधारण तोच आहे: फॉर्मॅलिन, चढत्या तीव्रतेचं अल्कोहोल, झायलीन हे द्रावक, मग ६० अंशांच्या आसपासचं पातळ मेण. हा क्रम मांसाच्या तुकड्यासाठी बसवलेला. फॉर्मॅलिनने प्रथिनं एकदा बांधली गेली की त्याला झायलीनही सोसतं आणि मेणाची ऊबही. ऊतकासोबत प्लास्टिकही येईल, म्हणजे पेशी ज्यावर वाढवतात तो स्कॅफोल्ड नावाचा सच्छिद्र सांगाडाही, हा विचार त्यात नव्हता.

प्लास्टिक पहिल्यांदा आलं ते टाक्यांतून. १९७०च्या दशकात पॉलिग्लायकोलिक आम्लाच्या जातीचे धागे शस्त्रक्रियेत रुळले आणि आपण त्यांनाही ‘विरघळणारे टाके’ म्हणू लागलो. खरं तर ते विरघळत नाहीत. शरीरातल्या पाण्याने त्यांच्या लांब साखळ्या तुटत जातात. पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ या शब्दात आहे.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस ‘टिश्यू इंजिनिअरिंग’ (अशा सांगाड्यावर पेशी वाढवून ऊतक घडवणं) हे नाव रूढ होऊ लागलं, १९९३च्या एका गाजलेल्या लेखाने ते जगभर पोचवलं आणि १९९७मध्ये उंदराच्या पाठीवरच्या कानाचं चित्र सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर स्कॅफोल्डसाठी विजेच्या दाबाने सूक्ष्म धागे काढण्याचं, म्हणजे इलेक्ट्रोस्पिनिंगचं, जुनं तंत्र पुन्हा वर आलं. त्याचं पेटंट १९३४चं, पण खरी चलती २०००नंतरची. या धाग्यांसाठी पॉलिकॅप्रोलॅक्टोन, म्हणजे पीसीएल, हा पॉलिमर लाडका ठरला. तो लवचीक, द्रावकात सहज विरघळणारा आणि ६० अंशांना वितळणारा. ज्या गुणांमुळे तो घडवायला सोपा, त्याच गुणांमुळे तो मेणाच्या ब्लॉकमध्ये टिकत नाही.

इथे शब्दाचा पेच पुन्हा येतो. ब्लॉक कापल्यावर धागे दिसले नाहीत की नोंद होते, ‘स्कॅफोल्ड विरघळला.’ गुळाचा खडा पाण्यात विरघळतो आणि तूप आचेवर वितळतं, हे स्वयंपाकघरात कुणाला सांगावं लागत नाही. प्रयोगशाळेत मात्र दोन्हीला एकच क्रियापद लावलं जातं, आणि उपाय तर दोन्हींचे निराळे. पीसीएल झायलीनमध्ये थंडपणीही विरघळतो. तिथे मेणाचं तापमान कमी करून काही हाती लागत नाही. उलट झायलीन टाळून आयसोप्रोपिल अल्कोहोलमधून थेट मेणात नेलं, तर तो मेणाच्या उष्णतेने वितळतो. पॉलिलॅक्टिक आम्ल या दुसऱ्या पॉलिमरची तिसरीच तऱ्हा. त्याचा स्फटिकी प्रकार १७० अंशांच्या आसपास वितळतो, पण ५५ ते ६० अंशांनाच मऊ पडतो, आणि ताणून काढलेले धागे तेवढ्यातच आकसतात. त्याला ना विरघळला म्हणता येतं ना वितळला.

हा केवळ भाषेचा काटेकोरपणा नाही. धागा विरघळला असेल तर भोवतीचं बांधलेलं ऊतक जागेवर राहतं आणि धाग्याच्या जागी त्याच्याच आकाराची पांढरी पोकळी उरते. वितळला असेल तर पॉलिमर वाहतो, छिद्रं मिटतात, पेशी ओढल्या जातात. पहिल्या स्लाइडवरून थोडंफार बोलता येतं, दुसरीवरून जवळजवळ काहीच नाही. तरीही अशा पांढऱ्या जागा मोजून ‘स्कॅफोल्डची सच्छिद्रता’ म्हणून मांडल्या जातात. ती जागा मूळची छिद्रं होती की गेलेला धागा, हे सांगितल्याशिवाय तो आकडा छापू नये, असं माझं ठाम मत आहे. खात्री करायला खर्चही नाही. पेशी नसलेला एक कोरा तुकडा खोलीच्या तापमानाला झायलीनमध्ये ठेवायचा, दुसरा ६० अंशांच्या कोमट पेटीत नुसत्या पाण्यात. पहिला गेला तर विरघळला, दुसरा गेला तर वितळला. पीसीएलचे दोन्ही जातात.

मेणाला पर्याय शोधताना १९५७चं पॉलिएस्टर मेण पुन्हा आठवलं गेलं. ते ३७ अंशांच्या आसपासच वितळतं, म्हणून कागदावर उत्तम. पण एप्रिल-मेमध्ये सांगलीची दुपार चाळिशीला टेकते. वातानुकूलित खोली नसेल तर तो ब्लॉक टेबलावरच पातळ व्हायला लागतो. ग्लायकॉल मेथाक्रिलेटचं रेझिन थंडपणी घट्ट होतं, मात्र घट्ट होताना स्वतः तापतं. म्हणून साचा बर्फात ठेवावा लागतो.

राहिला गोठवून कापण्याचा मार्ग. तो आज बराच वापरात आहे, सरळ मात्र नाही. आधी साखरेच्या ३० टक्के द्रावणात मुरवणं, मग गोठवण्याचं जेल निर्वात दाबाखाली छिद्रांत शिरवणं. ही पायरी गाळली की आत बर्फाचे स्फटिक होतात आणि धागे फाकतात. शिवाय पीसीएल उणे ६० अंशांपर्यंत रबरासारखाच राहतो. क्रायोस्टॅटच्या, म्हणजे गोठवून कापण्याच्या यंत्राच्या, उणे २० अंशांना भोवतीचं जेल कडक होतं, धागा होत नाही. पातं त्याला कापण्याऐवजी ओढतं. म्हणून पाच मायक्रॉनचा हट्ट सोडून वीस-तीसचा जाड सेक्शन (काप) घेतात.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वाट वेगळी, त्रास तोच. १९५१च्या क्रांतिक-बिंदू शुष्कनात, म्हणजे नमुना आकसू न देता वाळवण्याच्या पद्धतीत, कार्बन डायऑक्साइड ३१.१ अंशांना द्रव-वायूचा भेद ओलांडतो. पॉलिमरला हे तापमान झेपतं. पण आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीच ३१ अंशांच्या वर जाते, मग सिलिंडरमधला वायू द्रवरूपात राहत नाही. त्यामुळे इथे अनेकजण हेक्सामिथाइलडायसिलाझेन या झटकन उडणाऱ्या द्रवातून हवेवर वाळवणं पसंत करतात. नमुन्यावर वीज वाहून नेणारा सोन्याचा थर थांबत थांबत, छोट्या छोट्या फेऱ्यांत चढवावा लागतो. इलेक्ट्रॉनचा झोतही पाच किलोव्होल्टच्या आत ठेवावा, नाहीतर धागा डोळ्यांदेखत वाकतो.

सूक्ष्मदर्शकासाठी कोल्हापूरला जाणारा नमुना उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला, तर तेवढ्यात ६० अंश गाठतो. डबी बर्फाच्या पिशवीजवळ ठेवावी, पण ओल लागणार नाही अशी सिलिका जेलसह घट्ट बंद करून.