ओढा सरकलाय की नुसता वळलाय?

ओढा प्रस्तरभंगाच्या, म्हणजे खडक जिथे तुटून सरकतो त्या भेगेच्या, रेषेपाशी येतो, काटकोनात वळतो, रेषेला धरून थोडा वाहतो आणि पुन्हा मूळ दिशेला लागतो. असं वळण दोन कारणांनी पडतं. एकतर पात्र आधी सरळ होतं आणि भूकंपागणिक त्याचा खालचा भाग बाजूला सरकत गेला. नाहीतर जमीन हललेलीच नाही. रेषेवरचा खडक भरडून मऊ झालेला असतो, म्हणून पाण्याने तिथून वाट काढली. प्रस्तरभंग जिवंत असल्याचा पुरावा फक्त पहिल्या प्रकारात मिळतो.

आधी शेजारचे ओढे पाहावेत. सरकलेले सगळे एकाच बाजूला वळतात आणि जुन्या, खोल पात्रांचं सरकणं जास्त भरतं. नुसते वळलेले उतार असेल तिकडे जातात, कोणी डावीकडे, कोणी उजवीकडे. अर्थात सगळा उतारच एका बाजूला असेल तर ही कसोटी फसते. मग रेषेच्या खालच्या अंगाला डोकं तुटलेली, वरून पाणी न येणारी कोरडी पात्रं शोधायची. नुसत्या वळण्याने ती सहसा तयार होत नाहीत.

कॅलिफोर्नियातल्या कॅरिझो मैदानावर वॉलेस क्रीक हा ओढा सॅन आंद्रियास प्रस्तरभंग ओलांडताना सुमारे १३० मीटर उजवीकडे सरकलाय. गाळातल्या कोळशावरून पात्राचं वय सुमारे ३,७०० वर्षं ठरलं, म्हणजे वेग वर्षाला ३४-३५ मिलिमीटर. वायव्येला त्याचंच जुनं कोरडं पात्रही दिसतं.

मोजताना वळणाच्या आत टेप धरू नये, तिथले काठ झिजलेले असतात. दोन्ही बाजूंचे सरळ तुकडे रेषेपर्यंत वाढवायचे आणि ते रेषेला जिथे छेदतात त्या बिंदूंमधलं अंतर घ्यायचं. दोन्ही काठ आणि तळ वेगवेगळे मोजायचे. एवढं करूनही चूक होते. १८५७ च्या भूकंपात कॅरिझो मैदानावर जमीन ८ ते १० मीटर सरकल्याचं मानलं जाई. २०१० मध्ये लायडार (विमानातून लेसरने मोजलेल्या उंचीच्या) नकाशांवरून ते सरासरी ५ मीटरच्या आसपास आलं. एकाहून जास्त भूकंपांचं सरकणं एकाच्या नावावर जमा झालं होतं. उपग्रहाच्या ३० मीटर जाळीच्या, म्हणजे दर ३० मीटरला एकच उंची देणाऱ्या, उंची-नकाशावर तर एवढं सरकणं दिसणारच नाही.

आपली कोयना दक्षिणेकडे वाहत येऊन हेळवाकला एकदम पूर्वेला वळते. १९६७ चा भूकंप त्याच खोऱ्यातला, त्यामुळे दोन्हींची सांगड घालायचा मोह होतो. पण हे एकट्या नदीचं एकच वळण आहे, आणि वळल्यावर ती जुन्या दिशेला परत लागतही नाही. मग सरकणं मोजणार कुठून कुठपर्यंत?