हात पुढे करा आणि थांबा

नवं मांजर घरात आलं की पहिला दिवस ते दिवाणाखाली काढतं. आपण जमिनीवर पालथे पडून, हात आत घालून ‘ये ना माऊ, ये’ म्हणत राहतो. करतो ते मायेनंच. पण दिवाणाखालच्या त्या दोन डोळ्यांना दिसतो तो टक लावून बघणारा एक प्रचंड प्राणी, आणि तोही बाहेर पडायची वाट अडवून बसलेला.

मांजराचा हा बुजरेपणा जुना आहे. पाळीव मांजराचे पूर्वज म्हणजे पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतली रानमांजरं. उंदीर, पाखरं अशी बारीक शिकार ती एकट्यानं करत, आणि मोठ्या प्राण्यांची शिकार स्वतःही होत. पाठीशी कळप नाही, त्यामुळे पळायची वाट मोकळी असणं हाच त्यांचा आधार. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमध्ये प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक डेनिस टर्नर यांनी घराघरांत माणूस आणि मांजर यांच्या वागण्याच्या नोंदी केल्या, त्यातही हेच उमटलं. जवळ यायची सुरुवात मांजरानं केली असेल तर भेट जास्त वेळ टिकते. माणसानं केली तर लवकर आटोपते.

मग आपण नुसतं बसूनच राहायचं का? नाही. मांजराला कळेल असं एक काम आपल्याला करता येतं. मांजरांच्या जगात रोखून बघणं म्हणजे धमकी. त्याउलट निवांत मांजर डोळे अर्धवट मिटतं, हळूच पूर्ण मिटतं, पुन्हा किलकिले करतं. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये यावर दोन प्रयोग प्रसिद्ध केले. पहिल्यात मालकानं अशी सावकाश पापणी मिटली, तेव्हा मांजरांनीही डोळे बारीक करून उत्तर दिलं. दुसऱ्यात तर समोर अनोळखी माणूस होता. त्यानं निर्विकार चेहऱ्यानं हात पुढे केला त्यापेक्षा, आधी पापण्या सावकाश मिटल्या तेव्हा मांजरं त्या हाताजवळ जास्त वेळा आली. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण तो आज रात्री कुणालाही घरी करून पाहता येतो.

हात लावायचा तो गालांना, हनुवटीखाली, डोळा आणि कान यांच्या मधल्या जागी. तिथे गंधग्रंथी असतात. मांजर आपल्या पायाला गाल घासतं तेव्हा स्वतःचा वास आपल्याला लावून ठेवतं. शेपटीच्या बुडाशी हात फिरवलेला मात्र बहुतेकांना खपत नाही, पोटावरचा तर नाहीच. बोट नाकापुढे धरावं. त्यानं डोकं घासलं तर थोडं खाजवावं आणि मध्येच हात काढून घ्यावा. हवं असेल तर ते पुन्हा डोकं पुढे करतं. शेपटीचं टोक फटकारू लागलं, कान मागे वळले, पाठीची कातडी थरथरली, की थांबायचं. ‘लाड करता करता अचानक बोचकारलं’ अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. त्या बोचकारण्याआधी मांजरानं बहुतेक वेळा अशी सूचना दिलेली असते.

‘कुत्रं माणसाचं, मांजर घराचं’ असं आपण सहज म्हणून जातो. अमेरिकेतल्या ओरेगन राज्य विद्यापीठात मांजराच्या पिल्लांना मालकासोबत एका परक्या खोलीत दोन मिनिटं ठेवलं, मग दोन मिनिटं एकटं, मग मालक परत आला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे ६४ टक्के पिल्लं मालक परतल्यावर शांत झाली आणि खोली धुंडाळू लागली. घर तिथे नव्हतंच. धीर मिळाला तो माणसामुळे.

पिल्लू माणसाला सर्वांत सहज स्वीकारतं ते दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. जिन्याखाली वाढलेलं चार महिन्यांचं मांजर घरी आणलं तर त्याला कित्येक महिने लागू शकतात. आमची मनी अशीच आलेली. ती आजही मांडीवर बसत नाही. मी लिहायला बसले की हातभर अंतरावर पाय पोटाशी घेऊन बसते, माझ्याकडे बघून डोळे मिटते, आणि मीही मिटते.