कॅनडातले आदिवासी कर भरत नाहीत?

"आदिवासींना कर नाही, सरकार त्यांना फुकट पोसतं." कॅनडाच्या गवताळ प्रांतांत, म्हणजे मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टात, हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतं. ते चूक आहे.

आदिवासींबाबतच्या 'इंडियन ॲक्ट' या कॅनडाच्या कायद्यातल्या कलम ८७ ची करसवलत फक्त सरकारदरबारी नोंद असलेल्या फर्स्ट नेशन्स (मेटिस आणि इन्युइट सोडून बाकीचे आदिवासी) लोकांना आहे, तीही त्यांच्यासाठीच्या राखीव भूमीवरची मालमत्ता आणि तिथल्या कमाईपुरती. विनिपेग शहरात नोकरी करणारा क्री या फर्स्ट नेशनचा माणूस शेजाऱ्यासारखाच आयकर भरतो. मेटिस (आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाचे लोक) आणि इन्युइट (उत्तर ध्रुवाकडचे आदिवासी) यांना तर ही सवलत नाहीच.

आणि फुकटचे पैसे? सरकार आणि फर्स्ट नेशन्स यांच्यातल्या १८७६ च्या सहाव्या करारात अफाट जमिनीच्या बदल्यात, इतर काही आश्वासनांसोबत, माणशी वर्षाला ५ डॉलर ठरले. याला खिरापत म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ते जमिनीचं देणं आहे. महागाई कुठल्या कुठे गेली, रक्कम मात्र ५ डॉलरच राहिली.