पान कसं हरवलं

वीसेक वर्षांपूर्वी वाचलेल्या एका पुस्तकातलं वाक्य मला परवा हवं होतं. शब्द नीटसे आठवत नव्हते, पण जागा आठवत होती: डावीकडचं पान, खालून तिसरी-चौथी ओळ, शेजारी समासात पेन्सिलीची रेघ. पुस्तक काढलं, चाळलं, पाच मिनिटांत वाक्य सापडलं. त्याच विषयावरचा एक उत्तम लेख गेल्याच आठवड्यात फोनवर वाचला होता. तो मात्र काही केल्या सापडेना. लिहिणाऱ्याचं नाव आठवेना, कुठे वाचला तेही आठवेना. डावीकडे होता की उजवीकडे, हे विचारण्यात अर्थच नव्हता. सगळा मजकूर अंगठ्याखालून वाहत गेला होता.

डिजिटल तंत्रज्ञानाने माणसाचा विचार बदलला, असं आपण घाऊक बोलतो. एवढं मोठं विधान मला पेलत नाही. मी फक्त पानाचं काय झालं ते सांगतो. पान म्हणजे कागदाचा तुकडा, पण विचाराला त्याने दोन गोष्टी दिल्या. एक पत्ता, म्हणजे अमुक गोष्ट अमुक ठिकाणी आहे याची खात्री. दुसरा शेवट, म्हणजे थांबायची जागा. या दोन्ही गोष्टी मिळायला दीड हजार वर्षं लागली. जायला चाळीसही लागली नाहीत, आणि बहुतेक वेळा त्या घालवायचा कुणाचा बेतही नव्हता.

सुरुवात गुंडाळीपासून करावी लागते. ग्रीक-रोमन जगात ग्रंथ म्हणजे पपायरसची लांब गुंडाळी. ती वाचणं दोन हातांचं काम होतं: एका हाताने उलगडत जायचं, दुसऱ्याने गुंडाळत जायचं. मधलंच काही पुन्हा पाहायचं तर हातभर मागे या. दोन उतारे शेजारी ठेवून ताडून पाहायचे तर पंचाईत. अशा ग्रंथात शिरायचं ते एका टोकाने आणि चालायचं ते क्रमाने. मग पानं एका कडेला शिवलेलं पुस्तक आलं. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये मार्शल हा कवी आपल्या चर्मपत्री पुस्तकांची जाहिरातच करतो, की ती एका हातात मावतात, प्रवासाला बरी. पाचव्या शतकापर्यंत गुंडाळी जवळपास मागे पडली. आता बोट घालून मधलं पान धरून ठेवता येऊ लागलं आणि दोन ठिकाणं एकाच वेळी मनात ठेवता येऊ लागली. पुढे सातव्या-आठव्या शतकात आयर्लंडच्या मठवासीयांनी लॅटिन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडायला सुरुवात केली. तोवर तो मजकूर सलग लिहिला जाई आणि वाचणाऱ्यालाच शब्द सोडवून घ्यावे लागत.

पत्त्याची गोष्ट याहून चिवट. हस्तलिखितात पान असतं, पण तुमच्या प्रतीतलं पान माझ्या प्रतीत जुळत नाही. १२३० च्या दशकात पॅरिसमधल्या डॉमिनिकन मठात ह्यू द सेंट-शेर याच्या देखरेखीखाली बायबलची शब्दसूची तयार झाली, तेव्हा हीच अडचण आली. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो: प्रत्येक अध्यायाचे मनातल्या मनात सात भाग पाडायचे आणि त्यांना ए ते जी अशी अक्षरं द्यायची. शब्द अध्यायाच्या सुरुवातीला असेल तर ए, मध्यावर असेल तर डी. पानाच्या भरवशाविना दिलेला हा अंदाजे पत्ता होता.

छपाईने ही कटकट मिटवली. एका खेपेत छापलेल्या सगळ्या प्रतींचं तेच पान, तीच ओळ. तरीही पानांवर आकडे घालण्याचं लगेच कुणाला सुचलं नाही. गुटेनबर्गच्या १४५५ च्या सुमारास पूर्ण झालेल्या बायबलात छापील पृष्ठांक नाहीत. छापील अंकांचं सर्वांत जुनं ज्ञात उदाहरण म्हणून १४७० मध्ये कोलोनला छापलेली एक छोटी प्रवचनपुस्तिका दाखवतात. तिच्या समासातले ते अंक दिसायला किरकोळच. पण त्यामुळे दोन दूरच्या गावांतले दोन विद्वान, एकमेकांना न भेटता, एकाच ओळीवर बोट ठेवून भांडू शकले. ‘तुम्ही असं म्हटलंत’ या वाक्याला पुरावा जोडता आला. शास्त्र, कायदा, इतिहास ही सगळी भांडकुदळ कामं आहेत आणि ती या अंकांवर उभी राहिली, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

पाठोपाठ पुस्तकांचा पूर आल्याची तक्रारही आलीच. झ्युरिकच्या कोनराड गेस्नरने १५४५ मध्ये सुमारे ३,००० लेखकांची ग्रंथसूची छापली. नोंदी कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून, कातरून, हव्या तशा लावायच्या, ही त्याची रीत. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर जप्त केलेल्या ग्रंथालयांची मोजदाद करायला १७९१ मध्ये सरकारने पत्त्यांच्या कॅटच्या कोऱ्या पाठी वापरल्या. ग्रंथाचा पत्ता खेळायच्या पत्त्यावर! मराठीतला हा श्लेष त्या कारकुनांच्या नशिबी नव्हता.

इथून उडी थेट विसाव्या शतकात मारतो. तारायंत्र आणि रेडिओ यांनी खूप उलथापालथ केली, पण पानाला त्यांनी हात लावला नाही. पानाविरुद्धची पहिली तक्रार व्हॅनेवार बुश यांनी नोंदवली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या शास्त्रीय संशोधनाची सूत्रं त्यांच्याकडे होती. जुलै १९४५ मध्ये एका मासिकात त्यांनी लिहिलं की माणसाचं मन सूचीप्रमाणे चालत नाही, ते एका गोष्टीवरून दुसरीवर उडी मारतं. त्यांनी एका यंत्राची कल्पना मांडली आणि तिला ‘मेमेक्स’ असं नाव दिलं. हे यंत्र म्हणजे मायक्रोफिल्मने भरलेलं एक टेबल. त्यांचं उदाहरणही मजेशीर आहे. एका माणसाला धर्मयुद्धांच्या काळात तुर्कांचं आखूड धनुष्य इंग्रजांच्या लांब धनुष्यापेक्षा सरस का ठरलं हे शोधायचं आहे. तो एक लेख काढतो, त्याला दुसरा जोडतो, मधेच लवचीकतेच्या भौतिकशास्त्रात शिरतो, स्वतःचं टिपण घालतो. त्याने चाललेली वाट यंत्रात राहते आणि काही वर्षांनी मित्राला ती जशीच्या तशी दाखवता येते. बुश यांच्या कल्पनेत दुवे वाचणारा जोडतो आणि वाट त्याची स्वतःची असते, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

तीनच वर्षांनी, १९४८ मध्ये, क्लॉड शॅनन यांनी संदेशवहनाचा गणिती सिद्धांत मांडला. त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केलं की संदेशाचा अर्थ हा अभियंत्याचा प्रश्न नव्हे. त्याला सारे संदेश सारखे, फक्त किती बिट, म्हणजे ० किंवा १ असे किती अंक लागतात ते मोजायचं. अभियांत्रिकीत ही भूमिका अचूक होती. पुढे समाजाचं संभाषणच त्या तारांवरून धावू लागलं, तेव्हा शिव्या आणि शोकसंदेश एकाच मापाने मोजले जाऊ लागले. तो दोष शॅनन यांच्या माथी मारणं मात्र अन्यायाचं होईल.

टेड नेल्सन यांनी १९६५ मध्ये ‘हायपरटेक्स्ट’, म्हणजे दुव्यांनी जोडलेला मजकूर, हा शब्द छापात आणला. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माउस, दुवे आणि एकत्र लेखन दीड तासात दाखवलं. पण आपल्या ओळखीच्या जाळ्याचा, म्हणजे वेबचा, प्रस्ताव मांडला तो टिम बर्नर्स-ली यांनी, मार्च १९८९ मध्ये, जिनीव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत. त्यांची अडचण कार्यालयीन होती. तिथली माणसं सरासरी दोन वर्षं राहतात, निघून जातात आणि कशाची माहिती कुठे आहे हे त्यांच्याबरोबर जातं. म्हणजे पत्ता हरवण्यावरचाच हा उपाय होता. नेल्सन यांना दुवे दोन्ही बाजूंनी बांधलेले हवे होते, म्हणजे कोण कोणाकडे बोट दाखवतं हे कायम कळत राहील. बर्नर्स-ली यांनी दुवा एकतर्फी ठेवला. ज्याच्याकडे बोट दाखवायचं त्याची परवानगी नको, मध्यवर्ती नोंदवही नको. म्हणूनच वेब इतक्या झपाट्याने पसरलं. किंमत अशी, की पलीकडचं पान उठून गेलं तरी अलीकडच्या पानाला पत्ता लागत नाही. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संशोधन संस्थेच्या २०२४ मधल्या पाहणीत २०१३ सालच्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडतच नव्हती. ‘पान’ हा शब्द आपण तिथे नेला, पण पानाचं जागेवर राहणं काही सोबत गेलं नाही.

लांबीचा किस्साही सांगायला हवा. १९८५ मध्ये जर्मनीतल्या बॉन शहरात फ्रीडहेल्म हिलेब्रांड हे दूरसंचार अभियंते टंकलेखन यंत्रासमोर बसले आणि मनाला येतील ती वाक्यं, प्रश्न, निरोप लिहून त्यातली अक्षरं, विरामचिन्हं, मोकळ्या जागा मोजू लागले. बहुतेक निरोप १६० च्या आत बसत होते. पोस्टकार्डं आणि टेलेक्सचे निरोपही साधारण तेवढेच भरत. ठरलं, एसएमएस १६० अक्षरांचा. २००६ मध्ये सुरू झालेल्या ट्विटरने त्यातली २० नावासाठी राखली आणि १४० उरली. २०१७ मध्ये मर्यादा २८० होईपर्यंत राजकारणी, पत्रकार आणि त्यांच्यावर खवळलेले लोक या मापात मावेल तेवढंच बोलत होते. ‘परंतु’, ‘काही अंशी’, ‘माझ्या समजुतीप्रमाणे’ या शब्दांना त्या मापात पहिली कात्री लागते, हे कुणीही एकदा करून पाहावं. घरच्या निरोपासाठी बेतलेला सदरा सार्वजनिक वादाला घातला गेला.

आता शेवट कसा गेला ते. २००६ हे साल यासाठी लक्षात ठेवावं. सप्टेंबरात फेसबुकने न्यूज फीड आणलं. त्याआधी मित्राचं काय चाललंय ते पाहायला त्याच्या पानावर जावं लागे, आता सगळ्यांचं सगळं एका प्रवाहात समोर येऊ लागलं. लोक भडकले, निषेधाचे गट निघाले, मग सगळे रुळले. त्याच वर्षी एझा रास्किन यांनी न संपणारं स्क्रोल बनवलं. तळाशी पोचल्यावर ‘पुढचं पान’ असं बटण दाबायला लावणं हा उगाचचा अडथळा, तो काढून टाकावा, एवढाच त्यामागचा सरळ हेतू. पण तो अडथळा म्हणजे क्षणभराचा प्रश्न होता: अजून हवंय का? प्रश्न गेला आणि त्याचं ‘नको’ हे उत्तरही गेलं. रास्किन यांनी पुढे याबद्दल जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. स्क्रोल या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थच गुंडाळी. फरक इतकाच की पपायरसच्या गुंडाळीला दुसरं टोक होतं.

माहिती भरपूर झाली की ती लक्ष खाऊन टाकते आणि लक्षाचा तुटवडा पडतो, हे हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच सांगून ठेवलं होतं. ज्याचा तुटवडा त्याचा बाजार, हे ओघानेच आलं. १९९८ मध्ये गूगलच्या दोन संस्थापकांनी विद्यार्थी असताना लिहिलेल्या निबंधात जाहिरातींवर चालणारं सर्च इंजिन जाहिरातदारांकडे झुकणारच असा इशारा आहे. ऑक्टोबर २००० मध्ये त्यांच्याच कंपनीने जाहिराती विकायला प्रारंभ केला. विद्यार्थी असताना माणूस खरं बोलून जातो.

या सगळ्याचा डोक्यावर काय परिणाम झाला? २०११ मध्ये बेट्सी स्पॅरो आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात प्रयोग छापले. संगणक हे जपून ठेवणार आहे असं सांगितलं की लोकांच्या मजकूर कमी लक्षात राहतो, आणि काय ठेवलंय त्यापेक्षा कुठे ठेवलंय ते जास्त आठवतं. त्यातला एक प्रयोग २०१८ मध्ये इतरांनी पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा निकाल आला नाही, म्हणून मी त्यावर फार मोठा इमला बांधणार नाही. कागद आणि पडदा यांची तुलना करणारे ५४ अभ्यास आणि सुमारे १ लाख ७१ हजार वाचक एकत्र घेतलेलं २०१८ चं विश्लेषण जास्त भक्कम आहे. माहितीपर मजकूर घाईने वाचायचा असेल तर कागदावर तो अधिक समजतो, आणि हा फरक वर्षांगणिक कमी न होता वाढला. नव्या पिढीला पडद्याची सवय होईल आणि प्रश्न सुटेल, ही आशा त्यात टिकत नाही.

इथे कुणी तरी प्लेटोची गोष्ट काढतंच: लिपी शोधणाऱ्या देवाला इजिप्तचा राजा थामुस सांगतो, याने लोक विसराळू होतील. म्हणजे बघा, प्रत्येक नव्या साधनाला लोक असेच घाबरतात. मला हा युक्तिवाद आळशी वाटतो. थामुसचं खरंच झालं. हजारो ओळी मुखोद्गत असणारी माणसं दुर्मीळ झाली. बदल्यात मिळालं ते मोलाचं होतं म्हणून सौदा परवडला. आताही काय दिलं आणि काय घेतलं, हे विचारायला हरकत नसावी.

ताजा टप्पा ३० नोव्हेंबर २०२२ चा, चॅटजीपीटी खुलं झालं तो. त्याची आजी म्हणावी अशी एलायझा १९६६ मधली. जोसेफ वायझेनबाउम यांनी एमआयटीत लिहिलेला तो अगदी साधा प्रोग्राम तुमचंच वाक्य प्रश्न करून परत द्यायचा. तरी त्यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी बोलताना वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जायला सांगितलं, आणि ते हादरले. आजच्या नातवाशी बोलताना सर्चने दिलेली दहा पानांची यादीही बऱ्याचदा मधे येत नाही. असंख्य पानं दळून त्यांचं एकजीव पीठ झालेलं असतं. अमुक दाणा कोणत्या शेतातला, हे पिठाला विचारून उपयोग नसतो.

तरी मी विचारलं. सुरुवातीला सांगितलेलं ते वाक्य, पुस्तक समोर उघडं ठेवूनच, एका चॅटबॉटला घातलं आणि म्हटलं, हे कुठलं? लेखक बरोबर सांगितला, पुस्तकही बरोबर. पान कितवं? ११२, असं ठाम उत्तर आलं. माझं बोट ८६ व्या पानावर होतं. उत्सुकता म्हणून ११२ काढून पाहिलं. तिथे एक प्रकरण संपत होतं आणि खालचं अर्धं पान कोरं होतं.