घोडा, वाघ, गाय आणि कंटेनर

ठाणेकराला घोडबंदर रोडबद्दल काही विचारायचं असेल तर वेळ काढून विचारा, कारण तो सुरू झाला की थांबत नाही, रोडवरच्या ट्रॅफिकच्या बरोबर उलटं. मीही त्यातलाच. पण आज रडगाणं नाही, हा रस्ता असा खड्ड्यांचा आणि तुंबलेला का आहे ते बघू.

कागदोपत्री हा राज्य महामार्ग. माजिवड्याला मुंबई-नाशिक हायवेपासून सुटतो, कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा करत गायमुखचा घाट चढतो आणि उतरून फाउंटन हॉटेलजवळ मुंबई-अहमदाबाद हायवेला मिळतो. वीस किलोमीटरसुद्धा नाही. मॅप उघडून बघा, डावीकडे येऊरचा डोंगर आणि नॅशनल पार्कचं जंगल, उजवीकडे उल्हासची खाडी, मधे एक पट्टी उरलीय आणि त्या पट्टीतून रस्ता गेलाय. म्हणजे साष्टी बेटाच्या (मुंबईची उपनगरं आणि ठाणे ज्यावर वसलंय त्या) उत्तर टोकाला घातलेला वळसाच हा. कुठल्या इंजिनिअरने टेबलावर आखलेला नाही, डोंगराने आणि खाडीने जेवढी जागा सोडली तेवढ्यात बसवलाय.

नावांत तीन जनावरं आहेत, ती मला आवडतात. घोडबंदर, कारण इथल्या बंदरात म्हणे अरबी घोडे उतरायचे. पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला अजून आहे तिथे, 1737 च्या साष्टी मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला. दुसरं वाघबीळ, नावातच जंगल, आता तिथे फ्लायओव्हर आणि तीस मजली टॉवर (बिबट्या मात्र अधूनमधून येतो अजून, त्याला सोसायटीचे नियम माहीत नाहीत). तिसरी गाय, गायमुख, तिच्याकडे नंतर येतो. आणि एक गंमत, मुंबईतला आपला एसव्ही रोड आहे ना, त्याचंही जुनं नाव घोडबंदर रोडच. तो वांद्र्याकडून पश्चिमेच्या बाजूने त्याच बंदराकडे जायचा, आणि हा पूर्वेच्या बाजूने.

आता मुद्द्याचं. दर पावसाळ्यात गायमुखला खड्डे पडतात, लोक म्हणतात माल हलका वापरला. असेलही. पण चांगला माल टाकला तरी या जागी त्याची परीक्षा अवघडच आहे, का ते सांगतो.

1958 ते 1960 मधे अमेरिकेत इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून त्यांच्यावर दोन वर्षं लष्कराच्या ड्रायव्हरांकडून ट्रक गोल गोल फिरवले आणि कुठला रस्ता कधी खराब होतो ते मोजलं. त्यातून जो नियम निघाला तो डोकं फिरवणारा आहे. ॲक्सलवरचं (दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या आसावरचं) वजन दुप्पट झालं तर रस्त्याची झीज दुप्पट नाही, साधारण सोळा पट होते, म्हणजे चौथा घात, 2×2×2×2. आपल्याकडे चार टायरच्या एका ॲक्सलला कायद्याने 11.5 टन चालतात, आणि तुमच्या-माझ्या गाडीच्या ॲक्सलवर 0.6 टन वगैरे. भागाकार करून चौथा घात घ्या, उत्तर येतं सुमारे 1 लाख 35 हजार. गाडीला ॲक्सल दोन, म्हणजे तुम्ही सदुसष्ट हजारांहून जास्त वेळा ऑफिसला जाल तेव्हा त्या एका ॲक्सलएवढं नुकसान कराल. आणि 2018 पर्यंत ही मर्यादा 10.2 टन होती, ती वाढवली. वाढ दिसायला तेरा टक्क्यांच्या आसपास, पण चौथ्या घातात ती साठ टक्क्यांच्या वर जाते. उरणच्या बंदरातून गुजरातकडे निघालेले कंटेनर याच रस्त्याने जातात, हे डोक्यात ठेवा.

पण कंटेनर मोकळ्या डांबरी हायवेवरही असतात, मग तिथे असं का होत नाही? कारण इथे ते उभे असतात. डांबर हे धड घन नाही, धड द्रव नाही. गुळाची ढेप आठवा, हातोडी मारली तर तुकडा उडतो, पण उन्हाळ्यात तिच्यावर जड काहीतरी ठेवून विसरलात तर संध्याकाळी खळगा पडलेला असतो. तसंच ताशी 80 ने गेलेलं चाक डांबराला दबायला वेळच देत नाही, आणि घाटात फर्स्ट गिअरमधे रांगणारा ट्रेलर भरपूर वेळ देतो, वर चढताना चाक डांबराला मागे ढकलतं, उतरताना ब्रेकने पुढे. मग चाकोऱ्या पडतात, त्यांत पाणी साचतं.

आणि आता गाय. झऱ्याचं पाणी जिथे गाईच्या दगडी तोंडातून काढलेलं असतं त्या जागेला आपल्याकडे गायमुख म्हणतात, म्हणजे नावच पाण्याचं. डोंगर डोक्यावर, पाऊस पडला की ते सगळं पाणी खाडीकडे धावणार आणि मधे रस्ता आडवा. दगडाला डांबरापेक्षा पाणी जास्त जवळचं, फटीतून शिरलं की ते खडीवरचं डांबर सोडवत जातं. मागच्या जुलैत मी रिक्षात अडकलो होतो, पुढे कंटेनर, त्याचं मागचं चाक भेगेवर आलं की भेगेतून मातकट पाण्याची पिचकारी उडायची, आणि पाण्याबरोबर बारीक खडी बाहेर. मग त्याच्यामागचं चाक, परत पिचकारी. अक्षरशः पंपाने रस्ता पोटातून उपसला जात होता. अर्ध्या तासात बशीएवढी जागा ताटाएवढी झाली, मी दुसरं काय बघणार होतो?

आता खड्डा पडला म्हणून गाड्या हळू झाल्या, हळू झाल्या म्हणून डांबर जास्त दबलं, अजून खड्डे, अजून जॅम. रुंद करा म्हणावं तर एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला खारफुटी. डोंगराखालून ठाणे-बोरिवली बोगद्याचं काम चालू आहे, 11.8 किलोमीटरचा मार्ग, त्याने वळसा वाचेल. घाटात मात्र काँक्रीट हाच धड उपाय, ते उभ्या वजनाखाली असं वाहत नाही. पण साध्या काँक्रीटची पूर्ण ताकद 28 दिवसांची धरतात, तेवढे दिवस घाट बंद ठेवायचा तर गाड्या सोडायच्या कुठून, भिवंडीकडच्या अंजूरफाटा-चिंचोटी रस्त्यावरून? तिकडच्या लोकांना विचारून बघा एकदा, ते कंटेनरपुढे आडवे झोपतील.