इमारत शाबूत, जमीन पातळ

१६ जून १९६४. जपानमधल्या निगाता शहराला ७.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि शिनानो नदीकाठच्या कावागिशी-चो वसाहतीतल्या चार मजली इमारती कलंडल्या. एक तर जवळजवळ आडवीच झाली. भिंती मात्र बऱ्याचशा शाबूत होत्या, कारण दगा काँक्रीटने नव्हे, खालच्या वाळूने दिला होता.

सुट्या वाळूचे कण एकमेकांवर टेकून भार पेलतात आणि मधल्या फटींत पाणी असतं. पाणी जमिनीलगत असेल, तर ५ मीटर खोलीवर दर चौरस मीटरला साधारण ९.५ टन भार येतो. त्यातला ५ टन पाणी पेलतं, ४.५ टन कण. हादऱ्यांनी कण दाटीने बसू पाहतात, पण पाण्याला काही सेकंदांत निसटायला वाट मिळत नाही. मग कणांवरचा भार पाण्यावर येतो. पाण्याचा दाब त्या ४.५ टनांइतका वाढला की कण एकमेकांना टेकतच नाहीत. यालाच द्रवीकरण म्हणतात. जड इमारत रुतते आणि जमिनीत पुरलेली रिकामी टाकी वर येते! २००१च्या भूकंपात कच्छच्या रणात भेगांतून वाळूमिश्रित पाणी उसळलं, तेही याच दाबाने. जाड खडीत हा धोका कमी, कारण तिथून पाणी चटकन निघून जातं.

जागेची परीक्षा बहुधा बोअरमध्ये, म्हणजे जमिनीत पाडलेल्या खोल भोकात होते. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून टाकत राहायचं आणि नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचं. पाण्याखालच्या वाळूत आठ-दहाच ठोके लागले, तर सावध व्हावं.

खात्रीचा उपाय म्हणजे वाळू आधीच दाबून घेणं. १५ टनांचं वजन २० मीटरवरून पुन्हापुन्हा आपटलं तर साधारण ८-९ मीटरपर्यंत परिणाम पोचतो, पण शेजारी घरं असतील तर हे जमत नाही. तिथे खडीचे खांब बरे: ते वाळू दाबतात आणि पाण्याला वाटही देतात. नुसतं कंपन देऊन दाबायचं असेल तर वाळूत गाळ फार नको, नाहीतर पाणी अडकून राहतं आणि कण बसत नाहीत.

पाइल, म्हणजे बांधकामाचा भार खोलवर नेणारे जमिनीतले खांब, घातले की काम झालं, हा समज महागात पडतो. निगातातला शोवा पूल भूकंपाच्या महिनाभर आधीच बांधून झाला होता. त्याचे पोलादी पाइल वाकले आणि गाळे नदीत कोसळले. म्हणून पाइल खालच्या घट्ट थरात नीट रोवायचे, आणि द्रवीकरण होऊ शकणारा थर त्यांना बाजूने आधार देणार नाही असं धरूनच त्यांची जाडी ठरवायची.