पुया रायमोंडी

(लॅ. पुया रायमोंडी, हार्म्स, कुल-ब्रोमेलिएसी). दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात, पेरू व बोलिव्हिया या दोन देशांतील उंच खडकाळ उतारांवर वाढणारी दुर्मिळ व संकटग्रस्त वनस्पती. अननस ज्या कुलात मोडतो त्याच कुलातील ही सर्वांत मोठी जाती असून तिच्या फुलोऱ्याची गणना वनस्पतिसृष्टीतील सर्वांत मोठ्या फुलोऱ्यांत होते. पर्यटकांत ती ‘अँडीजची राणी’ म्हणून परिचित आहे. अँडीजमधील मूळ रहिवाशांची क्वेचुआ भाषा बोलणारे तिला तितांका, तर पेरूच्या आंकाश भागात कुंकुश म्हणतात.

शोध व नामकरण : या जातीच्या शोधाचे श्रेय कोणाला द्यावे याबाबत एकमत नाही. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ आल्सीद द’ऑर्बिन्यी यांनी १८३० च्या सुमारास बोलिव्हियातील कोचाबांबा प्रदेशात, वाकासजवळ सुमारे ४,००० मी. उंचीवर ही झाडे पाहिली होती. मात्र ती फुलावर नव्हती. त्या काळचे वर्गीकरण मुख्यतः फुलांच्या लक्षणांवर आधारलेले असल्याने त्यांना तिचे स्थान निश्चित करता आले नाही. पुढे आंतोनियो रायमोंडी (१८२४–९०) यांना पेरूमध्ये चाविन दे वांतारच्या परिसरात हीच वनस्पती आढळली. रायमोंडी मूळचे इटलीतील मिलानचे. १८५० मध्ये ते पेरूत आले व तेथेच स्थायिक झाले. एल पेरू या आपल्या ग्रंथात त्यांनी १८७४ मध्ये तिचे पूर्रेशिया जायगँटिया या नावाने वर्णन केले. पूर्रेशिया ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट) रुइस व पावोन या स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी स्थापली होती. तिच्यातील जाती निसर्गशास्त्रज्ञ मोलिना यांनी १७८२ मध्ये स्थापलेल्या पुया प्रजातीतच बसतात हे नंतर मान्य झाले आणि आधीचे नाव ग्राह्य धरण्याच्या नामकरणाच्या नियमानुसार पुया हे नाव कायम राहिले. पण जायगँटिया हे जातिनाम पुया प्रजातीत दुसऱ्या एका वनस्पतीला आधीच दिले गेले होते. त्यामुळे ते तसेच उचलून आणता येईना. अखेर जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हेर्मान हार्म्स यांनी १९२८ मध्ये रायमोंडी यांच्या स्मरणार्थ सध्याचे नाव दिले. काही लोकप्रिय लेखनात द’ऑर्बिन्यी यांनाच शोधक म्हटले जाते. परंतु वैध वर्णन ही कसोटी धरल्यास रायमोंडी यांचा दावा अधिक सबळ ठरतो.

वर्गीकरणातील स्थान : पूर्वी ब्रोमेलिएसी कुलाची तीन उपकुले मानीत व पुया प्रजाती पिटकेर्निऑइडी या उपकुलात घालीत. पिकल्यावर तडकणारे बोंड (फळ) व पंखयुक्त बिया ही त्याची कारणे. वनस्पतिशास्त्रज्ञ गिव्हनिश व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये डीएनएच्या आधारे आठ उपकुले सुचविली आणि पुयासाठी पुयॉइडी हे स्वतंत्र उपकुल केले. या मांडणीत पुयाचे सर्वांत जवळचे नाते अननसाच्या उपकुलाशी जुळते. फळाच्या बाह्य रूपावरून तसे वाटत नाही, तरीही आता बहुतेक अभ्यासक हीच मांडणी स्वीकारतात. पश्चिम आफ्रिकेतील गिनीच्या खडकांवर वाढणारी पिटकेर्निया फेलिसियाना ही एक जाती वगळता हे संपूर्ण कुल नैसर्गिक रीत्या अमेरिकेपुरतेच मर्यादित आहे. भारतातील अननस पोर्तुगीजांबरोबर आला.

शारीरिक लक्षणे : खोड जाड, सरळ व शाखाहीन असून जुन्या झाडांत ते काही मीटर उंच होते. वाळलेली पाने गळून न पडता खोडाभोवती लोंबत राहतात आणि रात्रीच्या गोठणाऱ्या थंडीत त्यांचा आवरणासारखा उपयोग होतो. जिवंत पानांचा गुच्छ जवळजवळ गोलाकार व सुमारे ३ मी. व्यासाचा असतो. पाने ताठ, निमुळती, एक ते दोन मीटर लांब. कडांवर गळासारखे वळलेले कठीण काटे. गुच्छाच्या मध्यातून खांबासारखा फुलोरा वर येतो. फुले हिरवट पांढरी ते मलई रंगाची असून केसरदलांचे परागकोश नारिंगी असतात. एका फुलोऱ्यात ८,००० ते २०,००० फुले येतात असे सांगितले जाते. बियांची संख्या साठ लाखांच्या वर, काहींच्या मते एक कोटीहून अधिक भरते. फुलोऱ्यासह झाडाची उंची काही पुस्तकांत १५ मी.पर्यंत दिलेली आढळते. सुमारे १० मी. हा आकडा अधिक विश्वासार्ह वाटतो.

आयुर्मान : ही जाती आयुष्यात एकदाच फुलते आणि बी पक्व झाल्यावर मरते. आपल्याकडील घायपातही तशीच. पण घायपात मरण्यापूर्वी मुळाशी पिल्ले सोडते. बहुतेक इतर पुया जातीही बाजूला फुटवे काढून टिकून राहतात. पु. रायमोंडी मात्र फुटवे काढीत नाही, त्यामुळे तिची पुढची पिढी सर्वस्वी बियांवर अवलंबून असते. फुलण्यापूर्वी ८० ते १०० वर्षे जावी लागतात, हे विधान सर्वत्र उद्धृत केले जाते. कोठे १५० वर्षे, तर कोठे ४० वर्षेही दिलेली दिसतात. वय ठरविणे अवघड आहे, कारण एकदलिकित (बियेत एकच दल असलेल्या) वनस्पतीच्या खोडात वार्षिक वलये नसतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील वनस्पती उद्यानात १९५८ मध्ये लावलेले झाड १९८६ मध्ये, म्हणजे २८ वर्षांनी फुलले. तेथील हवामान अँडीजच्या तुलनेत सौम्य असल्याने हा काळ मूळ अधिवासाला जसाच्या तसा लागू करता येत नाही. तथापि शतकाचा आकडा सरसकट स्वीकारण्याआधी थांबावे, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

अधिवास व परिस्थितिविज्ञान : साधारणतः ३,२०० ते ४,८०० मी. उंचीवर, पाण्याचा निचरा होणाऱ्या दगडी उतारांवर तिचे विखुरलेले समूह आढळतात. पेरूत वास्करान राष्ट्रीय उद्यानाचा (स्थापना १९७५) कार्पा विभाग व ला लिबेर्ताद प्रांतातील कालिपुय अभयारण्य (१९८१) ही ठिकाणे प्रसिद्ध आहेत. बोलिव्हियात ला पाझजवळील कोमांचे.

फुलांवर मकरंदासाठी गुंजन पक्षी (हमिंगबर्ड) येतात. त्यांत महाकाय गुंजन पक्ष्याचाही समावेश आहे. अनेक लहान पक्षी पानांच्या गुच्छात घरटी करतात आणि काही काट्यांत अडकून मरतात. रीस व रो या संशोधकांनी १९८० मध्ये असे सुचविले, की पक्ष्यांची विष्ठा व मृत शरीरे यांपासून या वनस्पतीला पोषक द्रव्ये मिळत असावीत. ही कल्पना आकर्षक असल्याने ‘मांसाहारी’ असे विशेषण तिला काही वेळा चिकटविले जाते. त्याला आधार नाही. भक्ष्य पचविणारे विकर (एंझाइम) स्रवणारी कोणतीही यंत्रणा पुयात आढळलेली नाही. विष्ठेचे खत मिळते, एवढाच भाग संभवनीय मानावा.

ऱ्हासाची कारणे : आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या लाल यादीत ही जाती ‘संकटग्रस्त’ वर्गात आहे. मेंढ्या काट्यांत अडकतात म्हणून, तसेच चराईसाठी कोवळे गवत यावे म्हणून गुराखी डोंगराला आगी लावतात. वाळलेल्या पानांचे आवरण थंडीत उपयोगी पडत असले, तरी तेच चटकन पेट घेते. वृक्षहीन उंचीवर सरपण म्हणूनही तिचा वापर होतो.

याहून खोल प्रश्न जननिक (आनुवंशिक) आहे. इटालियन व पेरूतील संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच समूहातील झाडांमध्ये जननिक विविधता अत्यल्प आढळली. जो फरक होता तो मुख्यतः समूहासमूहांतला. स्वपरागणाचे प्रमाण मोठे असावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. अशा स्थितीत एखादा समूह नष्ट झाल्यास त्याची जागा दुसऱ्या समूहाच्या बियांनी जननिक दृष्ट्या भरून निघत नाही. वरवर पाहता लाखो बिया देणाऱ्या झाडाला धोका कसला, असे वाटते. प्रत्यक्षात फार थोडी रोपे जगतात, आणि एकाच वेळी फुललेला समूह त्यानंतर एकाच वेळी मरतो. तापमानवाढीमुळे अनुकूल पट्टा वर सरकेल व शिखरांपाशी जागाच उरणार नाही, अशी भीती अलीकडच्या लेखनात व्यक्त होते.

लागवड : बिया पेरल्यास रुजवण होते, परंतु वाढ फार मंद असते. थंड व कोरड्या हवेच्या काही वनस्पती उद्यानांत ती जोपासली जाते. बर्कली येथे आणखी एक झाड २०१४ मध्ये फुलले.